गुरुवारची मुदत

आमच्या संघटनेत प्रेत निवडण्यासाठी मतदान झालं आणि मी प्रचंड बहुमताने निवडून आलो. विरोधात एकच मत पडलं, ते माझं.

विषय होता युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांमधल्या मुक्त व्यापार कराराचा. हा करार पंचवीस वर्षं वाटाघाटीत होता, म्हणजे माझ्यापेक्षा वर्षभराने लहान, आणि माझ्यासारखाच अजून कुठे चिकटला नव्हता. आता तो होणारच असं दिसायला लागल्यावर आमच्या भागातल्या गाईवाल्यांनी ठरवलं की तालुक्याला जाऊन शेतीची अंत्ययात्रा काढायची. अंत्ययात्रा आम्ही दर दोन-तीन वर्षांनी काढतो. कधी दुधाच्या भावाची, कधी डिझेलच्या सवलतीची. गेल्या वेळी पेटीत पेंढ्याचा पुतळा होता. तो जाळताना उपजिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारातलं ऑलिव्हचं झाडही गेलं, आणि पेपरात फोटो आला तो झाडाचा.

"यंदा पेंढा नको," फाब्रिस म्हणाला. फाब्रिस आमचा अध्यक्ष. त्याला आंदोलन शांततेत हवं असतं आणि टीव्हीवरही हवं असतं, त्यामुळे त्याला झोप लागत नाही.

"मेलेलं वासरू घालू," मागून कुणीतरी म्हणालं.

"मेलेलं जनावर परवान्याशिवाय हलवता येत नाही."

"मग जिवंत माणूस घाला. त्याला परवाना लागत नाही."

कल्पना चांगली होती, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. फाब्रिसने तिथल्या तिथे पुढचं रचलं. भाषणाच्या शेवटी तो विचारणार, शेती मेली का? लोक म्हणणार, नाही. मग प्रेत झाकण ढकलून उठून बसणार आणि म्हणणार, आम्ही जिवंत आहोत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सडपातळ आहे, आणि बैठकांना मागे बसून टिवल्याबावल्या करणारा म्हणून माझी ख्याती आहे.

"तिबोला काही शिकवायला नको," फाब्रिस म्हणाला. "तो काम करताना पण पडूनच असतो."

पेटी ओदिलोंची ठरली. ओदिलों हा आमच्या गावात कराराच्या बाजूने असलेला एकमेव माणूस. ओकची खोडं फोडून ब्रँडीच्या पिंपांसाठी फळ्या विकणं हा त्याचा धंदा. जे लाकूड पिंपात बसत नाही त्याच्या तो शवपेट्या करतो. बैठकीला तो वाद घालायलाच येतो, आणि कुणी त्याला हाकलत नाही, कारण शेवटी सगळ्यांचं काम त्याच्याकडेच आहे.

"तिकडे ब्रँडीवरचा कर गेला की माझी पिंपं दुपटीने जातील," तो म्हणाला. "माझ्याकडे पाच माणसं कामाला आहेत. तुमच्याकडे काय आहे? प्रत्येकाकडे अर्धा पोरगा."

अर्धा पोरगा म्हणताना त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"आणि आमच्या गाईंचं काय?" फाब्रिसने विचारलं.

"अरे, बाहेरून किती मांस येणार? युरोपात माणशी वर्षाला एक स्टेक. एक! तेवढ्याने मरणार असाल तर तुम्ही आधीच आजारी होतात."

हे जरा खरं होतं. मग फाब्रिस म्हणाला, "आजारी माणसाच्या छातीवर बसायला जाड माणूस लागत नाही, ओदिलों."

"ते मला माहीत नाही. मी सरकारचा नाही. पेटी घ्या. फक्त रंग लावायचा नाही, घोषणा लिहायच्या नाहीत, भोकं पाडायची नाहीत. परत आली की विकायची आहे."

"वापरलेली विकणार?"

"गिऱ्हाईकाने आजवर तक्रार केलेली नाही."

या मतदानात माझे बाबा शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनीही माझ्या मरणाच्या बाजूने हात वर केला. बाबांनी एखाद्या गोष्टीला होकार दिल्याचं मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. घरी ते मला सहा महिने फक्त "बघू" म्हणत होते.

प्रश्न साधा होता. ला व्हिलात या आमच्या शेतावर अठ्ठावन्न लिमुझँ गाई आहेत, तांबड्या, जाड मानेच्या, मांसासाठी पाळतात त्या. जानेवारीपासून शेत आणि गाई माझ्या नावावर व्हायच्या होत्या. मला त्या हव्या होत्या. त्याशिवाय मला काही नको होतं, आणि दुसरं काही येतही नव्हतं. आमच्याकडे दर वर्षाला एक अक्षर ठरलेलं असतं, त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्या वासरांची नावं त्याच अक्षरावरून ठेवायची. नावं ठेवायचं खातं माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी 'उ' होतं, म्हणून एका कालवडीचं नाव मी 'उतोपी' ठेवलं, म्हणजे स्वप्ननगरी. ती चालताना लंगडायची. यंदा 'व' होतं. 'विर्ग्यूल' नावाची एक वासरी होती, म्हणजे स्वल्पविराम, कारण ती जन्मली तेव्हा तशी दिसत होती. बाबा यावर हसायचे. पण सहीचा विषय काढला की "बघू".

आई चार वर्षांपूर्वी लिमोजला गेली, एका दंतवैद्याकडे. सुरुवातीला दाढेसाठी. घरात बाबा आणि मी. पूर्वी बाबांचा धाकटा भाऊ आन्सेल्मही होता, शेतात निम्म्याचा भागीदार. मी बारा वर्षांचा असताना एका सकाळी काका गवताच्या कोठारात गेला, आणि नंतर बाबांनी त्याला दोर कापून खाली उतरवलं. चिठ्ठी नव्हती. काकाबद्दल आमच्या घरी कुणी बोलत नाही. तसे आम्ही कशाबद्दलच बोलत नाही, त्यामुळे फरक जाणवत नाही.

अंत्ययात्रेच्या दिवशी, सोमवारी, धुकं होतं आणि गारठा असा की ट्रॅक्टर सुरू होईनात. मी दोन स्वेटर, वर कोट, खिशात एक सॉसेज आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी अशा तयारीने पेटीत आडवा झालो. आत ओदिलोंने सॅटिनचं अस्तर लावलं होतं. गिऱ्हाईक त्याला हात लावून बघत नाही, पण चांगलं होतं. हवा यावी म्हणून त्याने डोक्याकडच्या बाजूला झाकणाखाली लाकडाच्या दोन चिपा ठेवल्या. त्या फटीतून मला आभाळाची एक पट्टी आणि लोकांची पोटं दिसत होती.

मग पायांकडे कुरकुर असा आवाज झाला. मला वाटलं, काहीतरी घट्ट करतोय, बरं आहे. ओदिलोंने तीस वर्षांत एकही झाकण उघडं सोडलेलं नाही. हाताला सवय. बोलता बोलता त्याने पायाकडचे दोन स्क्रू पक्के आवळले आणि पेचकस खिशात टाकून तो निघून गेला. हे त्यालाही कळलं नाही.

सहा जणांनी मला खांद्यावर घेतलं. पुढून डावीकडे बाबा होते, त्यांचं खोकणं मी ओळखतो. बँड होता. चर्चच्या घंटा फाब्रिसने पाद्रीबाबांना विनंती करून मिळवल्या होत्या. तालुक्याच्या मुख्य रस्त्यावरून आम्ही चौकात आलो, हुतात्मा स्मारकासमोर पेटी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, आणि तिथे सगळं अडलं. उपजिल्हाधिकारी साहेब आलेच नव्हते. ते जिल्ह्याच्या बैठकीहून परतत होते आणि हमरस्त्यावर आमच्याच उत्तर विभागाने ट्रॅक्टर आडवे घालून त्यांची गाडी अडवली होती.

फाब्रिसने उत्तर विभागाला फोन लावला. तो पेटीजवळच उभा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"अरे, त्यांना सोडा. ते आमच्याकडे यायचेत."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"मी अध्यक्ष आहे."

पुन्हा उत्तर आलं. फाब्रिसने फोन बंद केला आणि शेजारच्याला म्हणाला, "म्हणतात, अध्यक्ष सांगतो म्हणून सोडलं तर मग आंदोलन कसलं."

मग त्याने भोंग्यावर जाहीर केलं की तास-दीड तास लागेल, तोवर सॉसेज आणि गरम वाइन घ्यावी, प्रेतानेही बाहेर येऊन खाऊन घ्यावं. लोक हसले. मी झाकण ढकललं. ते हललं नाही. मी ठोठावलं.

"फाब्रिस, स्क्रू लावलेत याला."

"हो, आणि मी पोप आहे."

"खरंच सांगतोय. उघड."

"तिबो, तुझे विनोद नंतर. भूक लागलीय मला."

फटीतून त्याचं पोट निघून गेलं. बँडने वाजवायला घेतलं. मी आणखी थोडा वेळ ओरडलो, मग खिशातलं सॉसेज खाल्लं. कुणीतरी येऊन माझ्या छातीच्या जागी वाइनचे दोन प्याले ठेवले आणि नेले. विनोदी माणसाची हीच अडचण असते. त्याला आग लागली तरी लोक टाळ्या वाजवतात.

थोड्या वेळाने एक म्हातारी आली. काळा कोट, हातात भाजीची पिशवी.

"कोण गेलं?" तिने कुणालातरी विचारलं.

"शेती गेली, आजी."

"म्हणजे मार्तीनच ना? तिची तब्येत बरी नव्हती." आणि ती पेटीवर हात ठेवून हळू आवाजात बोलायला लागली. मार्तीन कोण, मला माहीत नाही. म्हातारीने तिला सांगितलं की वर गेल्यावर एमिल भेटला तर त्याला म्हणावं, बॉयलर दुरुस्त झाला, काळजी करू नको. मी "बरं" म्हणणार होतो. पण तिचं वय बघता गप्प राहिलो.

ती गेल्यावर बँड थांबला, आणि बाबा आले.

त्यांच्याबरोबर देल्मास होता. देल्मास गुरांचा व्यापारी. आमच्या सगळ्यांची जनावरं त्याच्याच ट्रकमधून जातात. दोघे पेटीला टेकून उभे राहिले. बाबांचा कोपर माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. लाकडावर त्यांनी प्याला ठेवला, तो आवाज मला दातांत जाणवला. मी बाहेर येऊन खात असेन असं त्यांनी धरलं होतं. भोंग्यावर तसं सांगितलंच होतं ना.

"मग गुरुवारी नक्की?" देल्मास म्हणाला.

"नक्की. त्या दिवशी पोरगा नसतो. नव्या शेतकऱ्यांचा तो सक्तीचा वर्ग असतो ना, तिकडे जातो."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"रेजीस, मी व्यापारी आहे, मी नाही म्हणणार नाही. पण आत्ता भाव चढलेत. अशा भावात कुणी गोठा रिकामा करत नाही."

"अशाच भावात करतात. करार झाला की हा भाव राहील का?"

"कुणास ठाऊक. ओदिलों म्हणतो, माणशी एक स्टेक."

"आणि फाब्रिस म्हणतो, आपण सगळे संपलो. पंचवीस वर्षं दोघे तेच बोलतायत." बाबांनी घोट घेतला असावा. "कराराचं काही नाही रे. करार झाला तर एक, नाही झाला तर पुढच्या वर्षी दुसरा येईल. मी सकाळी उठतो आणि पहिला विचार येतो, की तो पोरगा पण असाच उठणार. चाळीस वर्षं."

"त्याला आवडतं ते. नाचत असतो गाईंमध्ये."

"म्हणून तर."

देल्मासने काडी ओढल्याचा आवाज आला.

"आन्सेल्मही असाच होता," बाबा म्हणाले. "त्याच्याइतका हसवणारा माणूस या तालुक्यात नव्हता. आदल्या दिवशी जेवताना त्याने आम्हाला इतकं हसवलं की बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिबो काही बोलला की सगळे हसतात. मीही हसतो. आणि मग मी जाऊन कोठाराचं दार बघून येतो."

"पोराशी बोल ना."

"काय बोलू? तो गंमत करेल."

मग दोघे निघून गेले. प्याला तिथेच राहिला.

मी ठोठावलं नाही. गरम पाण्याची पिशवी गार झाली होती. डोळ्यांसमोर ओकच्या लाकडाची एक शीर होती, सरळ, एकही गाठ नसलेली, आणि मी ती बघत पडून राहिलो. अठ्ठावन्न नावं मनात म्हणायला घेतली, पण 'प'च्या वर्षापाशी येऊन अडलो. त्या वर्षीची एक गाय काही केल्या आठवेना.

उपजिल्हाधिकारी साहेब शेवटी आले. शेवटचे दोन किलोमीटर चालत आले असं नंतर कळलं, बुटांना चिखल होता. फाब्रिसने भाषण केलं. साहेबांनीही केलं, आणि त्यांच्याही भाषणात माणशी एक स्टेक होता. तेवढ्यात गर्दीतून ओदिलों ओरडला, "मी तेच सांगत होतो!", त्यावर कुणीतरी त्याच्या टोपीवर वाइन ओतली. साहेब म्हणाले की सरकार तुमच्या बाजूने आहे आणि सरकारचाही कराराला विरोध आहे. यावर कुणाला काय करावं ते कळेना. सरकारच विरोधात असेल तर आंदोलन कुणाच्या विरोधात? लोकांनी खबरदारी म्हणून शिट्ट्या मारल्या.

मग फाब्रिसने विचारलं, "शेती मेली का?"

"नाही!"

झाकण हललं नाही.

"मी विचारतोय, शेती मेली का?"

"नाही," लोक म्हणाले, पण जरा कमी खात्रीने.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चौकात कुणीच बोललं नाही. मी उठायचा प्रयत्न केला नव्हता. स्क्रू नसते तरी उठलो असतो की नाही, सांगता येत नाही. मग ओदिलोंचा आवाज आला, "अरे देवा, माझे स्क्रू." तो धावत आला आणि तीनशे लोकांसमोर, वाइन ठिबकणाऱ्या टोपीने, मान खाली घालून स्क्रू काढू लागला. त्याने झाकण उचललं.

उजेड आला. सगळ्यात पुढे बाबा उभे होते, प्याला न्यायला आलेले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग झाकणाकडे पाहिलं, मग ओदिलोंच्या हातातल्या स्क्रूंकडे. एखाद्याला हळूहळू कळत जातंय, हे असं चेहऱ्यावर उमटताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी उठून बसलो. आम्ही जिवंत आहोत, असं म्हणायचं होतं. फाब्रिसने भोंगा माझ्या तोंडाशी धरला होता. मी बाबांकडे बघून विचारलं,

"गुरुवारी किती वाजता?"

साहेबांनी शेजारच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीत लिहिलं: गुरुवार.

"ऐकलंत?" मागून कुणीतरी म्हणालं. "गुरुवारपर्यंत."

"गुरुवारपर्यंत!" दुसरा म्हणाला. मग सगळे तालावर तेच म्हणायला लागले. बँडला वाटलं हेच ठरलं होतं, त्याने साथ धरली. फाब्रिसने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मग भोंगा स्वतःच्या तोंडाशी नेला. "सरकारला गुरुवारपर्यंत मुदत," तो म्हणाला. त्याला नेता का म्हणतात ते तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच मोठ्या अक्षरांत आलं. गुरुवारी नेमकं काय, असं विचारायला राजधानीतून फोन आला. "ते त्यांना चांगलं माहीत आहे," फाब्रिसने सांगितलं. त्यांनी म्हणे मान्य केलं.

सोमवारी संध्याकाळी घरी जाताना गाडी बाबा चालवत होते. आमच्या वळणापाशी त्यांनी वेग कमी केला.

"ऐकलंस?"

"ओक जाड असतो."

"तिबो. ऐकलंस का?"

"हो."

गाडी अंगणात आली. इंजिन बंद करून ते तसेच बसून राहिले. गोठ्यातून आवाज येत होते. गाईंची खायची वेळ झाली होती.

"नऊ वाजता," बाबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी रोजचं काम केलं. मी त्यांना समजावलं नाही, भांडलो नाही. मला वाटत होतं मी जे काही बोलेन ते विनोदी होईल. ते बोलले नाहीत, कारण त्यांचं बोलून झालं होतं, माझ्याशी नाही, पेटीशी.

गुरुवारी मी वर्गाला निघालो. म्हणजे ज्या दिवशी गाई जाणार त्या दिवशी मी गाई कशा सांभाळाव्यात ते शिकायला चाललो होतो. वर्ग भरलाच नाही. शिक्षक आंदोलनात होते. मुदत संपल्यामुळे सकाळपासून सगळे सर्कल अडवलेले होते, टायर जळत होते. तालुक्याच्या वेशीवरच्या सर्कलवर फाब्रिस आणि आमची माणसं ट्रक उघडून बाहेरचं मांस शोधत होती. आतापर्यंत एक सोफा आणि बराच लेट्यूस सापडला होता. मी गाडी बाजूला लावली आणि त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. गेलो तिथे, एवढंच.

साडेनऊच्या सुमारास देल्मासचा ट्रक आला. ड्रायव्हरच्या शेजारी बाबा बसले होते, ठेवणीतला कोट घालून.

फाब्रिसने मागे जाऊन फळ्यांमधून आत पाहिलं. आमच्या भागात माणूस दुसऱ्याची बायको ओळखायला चुकेल, गाय ओळखायला चुकत नाही. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"या तुमच्या आहेत."

"हो."

"सगळ्या?"

"ही पहिली फेरी," मी म्हणालो.

तो टायरकडे बघत राहिला. आजूबाजूची माणसं जवळ आली. ओदिलोंही होता. तो आंदोलनाच्या विरोधात होता, पण कॉफी घेऊन आला होता.

"तू सांग," फाब्रिस म्हणाला. "तू अडव म्हणालास तर हा ट्रक इथून एक इंच पुढे जात नाही. तुझ्या गाई परत गोठ्यात. जानेवारीत काय ते बघू. कोण हात लावतो बघतो मी."

त्याला हे मनापासून म्हणायचं होतं. सकाळपासून त्याला अडवण्यासारखं काही मिळालं नव्हतं.

मी ट्रकच्या पायरीवर चढलो. बाबांनी काच खाली केली. ड्रायव्हर दुसरीकडे बघू लागला.

"बाबा, मी आन्सेल्म काका नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"त्याला विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, मी तसा नाही. मी विचारलंच नाही. तुला विचारलं असतं तर तू काहीतरी मजेशीर बोलला असतास. मी हसलो असतो. आणि सही केली असती."

"मला या हव्या आहेत."

"हो." त्यांनी पुढे जळणाऱ्या टायरकडे पाहिलं. "अडवायचा तर अडव. मी उतरून भांडणार नाही. परत नेऊन बांधीन, चारा घालीन. पण रोज त्या दाराकडे बघायचं, तेवढं आता माझ्याच्याने होत नाही."

मागे गाई पाय आपटत होत्या. त्यांना वळणं आवडत नाहीत आणि थांबणं तर त्याहून नाही. मला एक उत्तर सुचलं होतं. चांगलं होतं, हमखास हशा घेणारं. ते जिभेवर आलं आणि मी गिळलं, आणि गिळताना बाबा माझ्याकडे बघत होते, अगदी जवळून, वैद्य बघतो तसे. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते किती दिवस झोपले नव्हते, हे मी एकाच घरात राहून पाहिलं नव्हतं.

मी खाली उतरलो. "सोड," मी फाब्रिसला म्हणालो.

"विचार कर."

"सोड."

कुणी हललं नाही. म्हणून मीच आकडा घेऊन पेटता टायर बाजूला ओढला. ओदिलोंने कॉफीची किटली खाली ठेवली आणि दुसरा ओढला. मग मी वळसा घालून ट्रकमध्ये चढलो. बाबा मध्ये सरकले. आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो, आणि ट्रक निघाला.

अर्ध्या गाई इटलीला जायच्या होत्या, अर्ध्या कत्तलखान्याला. कोणत्या कुठे, ते मी विचारलं नाही. ड्रायव्हरने रेडिओ लावला, त्यावर कराराची चर्चा चालू होती. एक जण म्हणत होता, युरोप संपला, दुसरा म्हणत होता, माणशी एक स्टेक. ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या सर्कलवर पुन्हा ट्रॅक्टर आडवे होते. तिथली माणसं आम्हाला ओळखत नव्हती. एका दाढीवाल्याने हात करून ट्रक थांबवला. "मागे काय आहे?" त्याने विचारलं. ड्रायव्हरने मानेनेच मागे खूण केली. दाढीवाला आणि आणखी चार-पाच जण मागे गेले. फळी उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

मग टाळ्या ऐकू आल्या.

आधी दोघा-तिघांच्या, मग सगळ्यांच्या. दाढीवाला ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आला. त्याचा चेहरा उजळला होता. "काय जनावरं आहेत," तो म्हणाला. "दक्षिण अमेरिकेत दाखवावं कुणी असलं जनावर. हेच सांगतोय आम्ही सरकारला. हेच टिकलं पाहिजे." त्याने ट्रकच्या दारावर एक चिकटपट्टी लावली: आपल्या मातीतलं, अभिमानाने. मग त्याने ओरडून ट्रॅक्टर बाजूला घ्यायला लावले, आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले लोक आमच्याकडे बघून टाळ्या वाजवत राहिले. एका बाईने हात हलवला.

बाबांनी माझ्यावरून हात लांब करून काच खाली केली आणि त्यांचे आभार मानले. मीही मानले.